स्टेरॉइड कधी, किती आणि कुणाला नको : विषाणूजन्य न्यूमोनियावर वाचकांचे प्रश्न

कोविड आणि फ्लूमुळे होणाऱ्या न्यूमोनियावरच्या मागच्या टिपणात आम्ही एक वाक्य लिहिले होते : 'ऑक्सिजन लागत नसेल तर स्टेरॉइड नको.' त्यावर बरीच पत्रे आली. काहींनी शंका विचारल्या, काहींनी हुज्जत घातली. त्यांतली निवडक पत्रे पत्रलेखकांची नावे गाळून, थोडी आवरून इथे देत आहोत. उत्तरे फुप्फुसरोग आणि अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाने लिहिली आहेत. औषध सुरू करणे वा थांबवणे हे रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच करावे.

सातारा : वडील ६४ वर्षांचे. तीन दिवस ताप-खोकला, कोविडची टेस्ट पॉझिटिव्ह. ऑक्सिजन ९७. सीटी स्कॅनचा स्कोअर २५ पैकी ७ आला म्हणून गावातल्या डॉक्टरांनी डेक्साचे (डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे) इंजेक्शन दिले आणि मिथाइलप्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टेरॉइडच्या १६ मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा लिहून दिल्या. त्याच रात्री ताप उतरला, जेवणही गेले. कोर्स पुरा करावा ना?

तुम्ही दिलेल्या माहितीवरून तरी नाही. डॉक्टरांना फोन करून विचारा, 'ऑक्सिजन ९७ असताना या गोळ्या कशासाठी?' दुसरे कारण नसेल, म्हणजे दमा किंवा सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या आकसण्याचा आजार) नसेल, तर त्या थांबवायला हरकत नसावी. एक-दोन दिवसांच्या गोळ्या बंद करताना डोस हळूहळू उतरवावा लागत नाही.

ताप उतरला यात नवल नाही. शरीरात ताप चढवणारे जे रासायनिक निरोप असतात, ते स्टेरॉइड दाबून टाकते. भूक लागते, अंगदुखी जाते, माणूस तरतरीत दिसतो. विषाणू मात्र आहे तिथेच असतो. पहिल्या आठवड्यात तो वाढत असतो आणि त्याला आवरायचे काम आपली प्रतिकारशक्ती करत असते. नेमक्या त्याच वेळी तिचे हात बांधले जातात. दुसऱ्या आठवड्यात काही रुग्णांत उलटे घडते : विषाणू ओसरत असतो, पण प्रतिकारशक्ती भडकलेलीच राहते, हवेच्या पिशव्यांत द्रव भरतो आणि ऑक्सिजन खाली येतो. स्टेरॉइडची जागा तिथे आहे.

हे अंदाजाने सांगत नाही. ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीचा निकाल जून २०२० मध्ये आला. २,१०४ रुग्णांना डेक्सामेथासोन दिले, ४,३२१ जणांना नेहमीचे उपचार. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू शंभरात ४१ वरून २९ वर आले. नुसता ऑक्सिजन लागणाऱ्यांत २६ वरून २३ वर. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांच्यात नेहमीच्या उपचारांत १४, तर डेक्सामेथासोन घेतलेल्यांत १८. हा शेवटचा फरक योगायोगाचा असू शकेल, संशोधकांनीही तसे सांगितले आहे. पण फायद्याची खूण तिथे नव्हती. लक्षणे सुरू होऊन सात दिवस उलटलेल्यांना लाभ जास्त झाला, हेही त्यातच दिसले.

राहिला स्कोअर. तो फुप्फुसाचा किती भाग व्यापला गेला हे सांगतो. तो भाग ऑक्सिजन घेतो आहे की नाही, हे सांगत नाही. १० स्कोअर असून घरात चालता-फिरता बरे झालेले लोक भरपूर आहेत. रिकव्हरी चाचणीने रुग्णांचे गट पाडले ते ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटरवरून. सीटीचा आकडा त्यात कुठेच नव्हता.

आता घरी काय करायचे ते नीट वाचा, कारण स्टेरॉइडने ताप झाकला गेला आहे आणि 'ताप नाही म्हणजे बरे' हा निकष वडिलांच्या बाबतीत निकामी झाला आहे. लक्षणांच्या पाचव्या ते दहाव्या दिवसापर्यंत दिवसातून चार वेळा ऑक्सिमीटर लावा. आधी पाच मिनिटे शांत बसवा, हात गार असतील तर चोळून ऊब आणा, नखांना मेंदी वा रंग असेल तर दुसरे बोट घ्या. आकडा आणि नाडी दोन्ही स्थिर झाल्यावरच वाचा. पहिल्या पाच सेकंदांतला आकडा धरू नका. दिवसातून एकदा खोलीतल्या खोलीत सहा मिनिटे चालवा, पण बसल्या जागी आकडा ९४ पेक्षा कमी असेल तर हे करू नका. चालल्यावर आकडा चारने किंवा जास्त घसरला, बसून ९४ च्या खाली राहिला, किंवा घड्याळ लावून मोजलेले श्वास मिनिटाला २४ किंवा जास्त झाले, तर रुग्णालय गाठा. आणि दोन दिवस जेवणानंतरची शुगर बघा, मधुमेह नसला तरी.

नंदुरबार जिल्हा, ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका : आमच्याकडे कधी डेक्सामेथासोन असते, कधी मिथाइलप्रेड, कधी फक्त हायड्रोकॉर्टिसोन. कशाच्या बदली काय आणि किती? पहिला डोस देण्याआधी काय पाहावे?

कोविडच्या न्यूमोनियात ऑक्सिजन लागणाऱ्या प्रौढाला डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, जास्तीत जास्त दहा दिवस. त्याआधी डिस्चार्ज झाला तर तिथेच बंद. गोळी आणि शिरेतून, दोन्हींचा परिणाम सारखाच. तोंडाने घेता येत असेल तर गोळीच द्या, सलाइनची नळी एक कमी.

भारतात सर्रास मिळणारी व्हायल २ मिलीची, दर मिलीत ४ मिलिग्रॅम, म्हणजे एका व्हायलमध्ये ८. तेव्हा डोस दीड मिली. चूक इथे होते : उरलेला अर्धा मिली 'वाया कशाला' म्हणून भरला जातो आणि रुग्णाला रोज ८ जातात. ०.५ मिलिग्रॅमची गोळीच उपलब्ध असेल तर एका वेळी १२ गोळ्या. नातेवाईक दचकतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

बदली अशी : डेक्सामेथासोन ६ = मिथाइलप्रेडनिसोलोन ३२ = प्रेडनिसोलोन ४० = हायड्रोकॉर्टिसोन सुमारे १६०, सगळे मिलिग्रॅममध्ये आणि दिवसभराचे. डेक्सा शरीरात दीड दिवसाहून जास्त काम करते, म्हणून एकदाच. हायड्रोकॉर्टिसोन लवकर ओसरते, म्हणून ते ५० मिलिग्रॅम दर आठ तासांनी. गरोदर बाईला डेक्सा जितके दिवस द्याल तितके दिवस ते नाळेतून बाळापर्यंत जाते. त्यामुळे रिकव्हरीत गरोदर रुग्णांना प्रेडनिसोलोन ४० तोंडाने किंवा हायड्रोकॉर्टिसोन ८० शिरेतून दिवसातून दोनदा दिले होते. (मुदतपूर्व बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सा देतात तो हिशेब निराळा, त्याची गल्लत नको.)

शिरेतून देताना घाई करू नका. डेक्सा झटकन ढकलले की जांघेत आणि गुदद्वारापाशी अचानक भाजल्यासारखी आग होते, रुग्ण किंचाळतो आणि आपण रिॲक्शन समजून घाबरतो. मिनिटाभरात ती जाते. ५० किंवा १०० मिली सलाइनमध्ये मिसळून पंधरा मिनिटांत सोडले की हा प्रकार टळतो. वेळ सकाळची, शक्यतो नऊच्या आत. संध्याकाळी दिले की रात्रभर झोप नाही, आणि वयस्कर रुग्ण बडबडायला लागतात.

पहिल्या डोसआधी एवढे पाहा : शुगर, मधुमेह नसला तरी. रक्तदाब. पोटॅशियम शक्य असेल तर. जुना टीबी, वजन उतरणे, महिनोन्महिने खोकला असे काही असेल तर एक्स-रे आणि थुंकीची तपासणी पाठवा. मात्र ऑक्सिजन ८५ असताना तिच्या निकालासाठी स्टेरॉइड अडवून ठेवू नये. फिट्सची फेनिटोइन वा कार्बामाझेपिन, किंवा टीबीची रिफाम्पिसिन चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. ही औषधे यकृतात डेक्साचा फडशा पाडतात आणि ६ मिलिग्रॅमचा परिणाम निम्म्याहून खाली येऊ शकतो. वेदनाशामक डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन बंद; स्टेरॉइडसोबत ती पोटात रक्तस्राव घडवतात.

तुमच्या भागात शेतात अनवाणी काम करणारे लोक पुष्कळ, म्हणून आणखी एक. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत मातीतून तळपायाच्या कातडीवाटे शिरतो आणि आतड्यात काही त्रास न देता वर्षानुवर्षे, अगदी दशके, राहू शकतो. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबली की तो अंगभर पसरतो, सोबत आतड्यातले जंतू रक्तात नेतो आणि ते जिवावर बेतते. ज्याला हा धोका आहे त्याला आयव्हरमेक्टिन, किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम, डॉक्टर एक-दोन दिवस देऊ शकतात. इथे ते जंतासाठी आहे, कोविडसाठी नव्हे. कोविडवर ते चालत नाही, हा वाद केव्हाच मिटला आहे.

आणि एक गोष्ट, जी मोठ्या रुग्णालयांतही चुकते. स्टेरॉइड सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पेशी १४-१५ हजारांवर जातात. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेल्या पेशी सुटून प्रवाहात येतात, म्हणून आकडा वाढतो. तो पाहून लगेच महागडे अँटिबायोटिक चढवले जाते. उलट सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) धपकन खाली येतो आणि 'रुग्ण सुधारतोय' असे वाटते. दोन्ही आकडे स्टेरॉइडने रंगवलेले असतात. ऑक्सिजन किती लिटर लागतो आणि श्वास किती, हे दोनच खरे सांगतात. ताप पुन्हा आला, कफ पिवळा-घट्ट झाला, ऑक्सिजन पुन्हा वाढवावा लागला, तर मात्र नव्या जंतूंचा संसर्ग शोधायलाच हवा.

नागपूर : २०२१ मध्ये सासूबाईंना मिथाइलप्रेडनिसोलोन ४० दिवसातून दोनदा दिले होते, शेजाऱ्यांना तर त्याहून जास्त. तुम्ही म्हणता ते ६ मिलिग्रॅम फारच थोडे नाही का?

ऐकायला थोडे वाटते. डेक्सा जोरकस असल्याने आकडा लहान दिसतो. सासूबाईंचा डोस डेक्साच्या हिशेबात रोजचे १५ मिलिग्रॅम होता, म्हणजे अडीचपट. त्या काळातल्या सरकारी मार्गदर्शिकेत गंभीर रुग्णाला मिथाइलप्रेडनिसोलोन किलोमागे १ ते २ मिलिग्रॅमपर्यंतची मुभा होती, त्यामुळे त्या डॉक्टरांनी नियमाबाहेरचे काही केले असे म्हणता येणार नाही. जास्त डोस तपासून पाहायच्या चाचण्यांचे निकाल पुढे आले.

त्यांतली एक भारतातल्या रुग्णालयांनाही सोबत घेऊन झाली. तिच्यात तीव्र ऑक्सिजन-तुटवड्याच्या हजार रुग्णांवर १२ आणि ६ मिलिग्रॅमची तुलना केली. २८ दिवसांतले मृत्यू २७ आणि ३२ टक्के. १२ चा कल बरा, पण ठामपणे म्हणावे इतका फरक नाही. मग रिकव्हरीने रक्तातला ऑक्सिजन कमी असलेल्या, पण साधाच ऑक्सिजन मिळणाऱ्या किंवा तोही न मिळणाऱ्या रुग्णांना पाच दिवस २० आणि पुढचे पाच दिवस १० मिलिग्रॅम देऊन पाहिले. २०२३ मध्ये छापलेला निकाल स्वच्छ होता : मोठ्या डोसने १९ टक्के मृत्यू, नेहमीच्या उपचारांत (त्यांत आता स्टेरॉइडचा छोटा डोसही आला) १२ टक्के. नाकातल्या साध्या नळीने ऑक्सिजन घेणाऱ्याला स्टेरॉइडचा मारा करणे हे नुसते निरुपयोगी नाही, घातक आहे.

६ मिलिग्रॅम चालू असूनही ऑक्सिजनची गरज चढत असेल तर पुढची पायरी वेगळी असते : सीआरपी ७५ किंवा जास्त असताना टोसिलिझुमॅब, किंवा बॅरिसिटिनिब ४ मिलिग्रॅम (दोन्ही भडकलेली प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे), आणि पालथे झोपवणे. रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकली आहे का, नवा संसर्ग आहे का, हेही तेव्हाच पाहायचे. स्टेरॉइड दुप्पट करणे ही सगळ्यांत सोपी गोष्ट, म्हणून ती आधी केली जाते.

कोल्हापूर : मला दहा वर्षे मधुमेह. न्यूमोनियात डेक्सा चालू असताना सकाळची उपाशीपोटी शुगर ११८ यायची, म्हणून सगळे निश्चिंत. एकदा दुपारी सहज तपासली तर ३४०. मशीन बिघडले होते का?

मशीन ठीक होते, वेळ चुकली होती. सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडची शुगर दुपारच्या जेवणानंतर चढू लागते, संध्याकाळी कळस गाठते आणि रात्रीतून उतरते. उपाशीपोटीची शुगर यात सर्वांत फसवी. स्टेरॉइड चालू असेतो तिन्ही जेवणांआधी आणि झोपताना तपासा. रोज एकच पट्टी परवडणार असेल तर ती दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी वापरा. रुग्णालयात १४० ते १८० च्या आसपास ठेवायचे धोरण असते. त्यासाठी बहुतेकांना इन्सुलिन लागते, आणि सकाळच्या स्टेरॉइडसोबत सकाळीच दिलेले मध्यम मुदतीचे इन्सुलिन या चढउताराशी बरोबर जुळते. रात्री वाढवलेले इन्सुलिन पहाटे शुगर पाडते.

गोळ्यांबद्दल : ऑक्सिजन लागत असताना मेटफॉर्मिन थांबवतात, रक्तात लॅक्टिक आम्ल साठते म्हणून. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी तर हमखास थांबवायची. आजारपणात खाणे कमी झाले की ती कीटोन वाढवते, आणि शुगर २०० असतानाही रुग्ण कीटोॲसिडोसिसमध्ये (कीटोनमुळे रक्त आम्लधर्मी होण्याच्या जीवघेण्या अवस्थेत) जाऊ शकतो. स्टेरॉइड संपले की इन्सुलिनची गरज दोन-तीन दिवसांत झपाट्याने खाली येते. डिस्चार्जच्या कागदावरचा आकडा महिनाभर तसाच टोचत राहिलात तर शुगर घसरून चक्कर येईल. दर दोन दिवसांनी आकडे डॉक्टरांना कळवा.

म्युकरचे (काळ्या बुरशीचे) भय तुम्ही पत्रात बोलून दाखवले आहे. ते अनाठायी नाही. २०२१ च्या जुलैपर्यंत देशात म्युकरमायकोसिसचे ४५ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र सर्वांत वर होता. वाढलेली शुगर, जास्त किंवा नको असताना घेतलेले स्टेरॉइड आणि कोविड असे त्रिकूट जमले. ही बुरशी हवेत, मातीत असतेच; साखरेने आणि आम्लाने भरलेल्या रक्तात तिला लोह सहज मिळते आणि ती रक्तवाहिन्यांतून घुसत जाते, म्हणून कातडी काळी पडते. स्टेरॉइड संपल्यावरही काही आठवडे याकडे लक्ष ठेवा : चेहऱ्याच्या एकाच बाजूला दुखणे, बधिरपणा वा सूज, नाकातून काळसर किंवा रक्ताळ स्राव, दात अचानक हलणे, टाळूवर काळा डाग, एकाऐवजी दोन दिसणे, पापणी लोंबणे. यांपैकी एक दिसले तरी त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. दुर्बिणीने तपासणी, नमुना, आणि निदान झाले तर किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन हे बुरशीनाशक आणि शस्त्रक्रिया. इथे दोन दिवस थांबण्याची किंमत कधी कधी डोळा असते.

पुणे : यजमान स्वाइन फ्लूच्या न्यूमोनियाने आयसीयूत आहेत. ऑक्सिजन लागतो आहे. डॉक्टर स्टेरॉइड द्यायला तयार नाहीत. कोविडमध्ये जे चालते ते यात का नाही?

तुमचे डॉक्टर बरोबर वागत आहेत. 'व्हायरल न्यूमोनिया' हा एक आजार नाही. कोविडमध्ये स्टेरॉइडने जीव वाचतात हे सिद्ध झाले. फ्लूमध्ये तसे झाले नाही, उलट खुणा दिसल्या. २००९ च्या साथीत, जेव्हा पुणे देशातल्या बातम्यांच्या केंद्रस्थानी होते, तेव्हा फ्रान्समधल्या आयसीयूंतल्या २०८ रुग्णांची नोंद झाली. स्टेरॉइड मिळालेल्यांत मृत्यू ३४ टक्के, न मिळालेल्यांत १७. अशा नोंदींत एक खोट असते, जास्त अत्यवस्थ माणसालाच स्टेरॉइड दिले जाते. पण तो फरक गणिताने वजा करूनही धोका शिल्लक राहिला. फ्लूच्या पाठोपाठ स्टॅफिलोकोकससारखे जिवाणू आणि ॲस्परजिलस बुरशी फुप्फुसात शिरतात, आणि स्टेरॉइड त्यांना दार उघडून देते. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये फ्लूसाठी म्हणून स्टेरॉइड देऊ नये, असाच सल्ला दिला आहे.

फ्लूत वेळेवर काम करते ते ओसेल्टामिव्हिर हे विषाणूविरोधी औषध, ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. पहिल्या ४८ तासांत सर्वांत चांगले, पण आयसीयूतल्या रुग्णाला उशिरा का होईना द्यायचेच. ते चालू आहे ना, मूत्रपिंड बिघडले असल्यास डोस कमी केला ना, आणि कफाचे कल्चर पाठवले ना, हे विचारा.

तरी स्टेरॉइड द्यावे लागते ती कारणे वेगळी. यजमानांना दमा असेल आणि छाती वाजत असेल तर प्रेडनिसोलोन ४०, पाच ते सात दिवस. सीओपीडी असेल तर पाच दिवस. किंवा रक्तदाब औषधांनी सावरतच नसेल तर हायड्रोकॉर्टिसोन ५० दर सहा तासांनी. २०२३ मध्ये फ्रान्समधल्या एका चाचणीत तीव्र न्यूमोनियात हायड्रोकॉर्टिसोनने मृत्यू १२ टक्क्यांवरून ६ वर आले, ती बातमी व्हॉट्सॲपवर फिरते आहे. त्या चाचणीतून फ्लूचे रुग्ण वगळले होते. ती ओळ सहसा पुढे पाठवली जात नाही.

ठाणे : कोविड होऊन चार महिने झाले. स्टेरॉइड घेतले होते. आता उजव्या जांघेत दुखते, मांडी घालून बसता येत नाही. एक्स-रे नॉर्मल आहे.

एक्स-रेवर थांबू नका, दोन्ही खुब्यांचा एमआरआय करून घ्या. खुब्यातल्या हाडाच्या गोल टोकाचा, म्हणजे गोळ्याचा, रक्तपुरवठा तुटून हाड आतून मरते, त्याला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छच असतो. २००३ च्या सार्सनंतर चीन आणि हाँगकाँगमध्ये मोठे डोस घेतलेल्यांत हे दिसले होते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या अस्थिशल्यचिकित्सकांनी २०२१ मध्ये कोविडनंतरचे तीन रुग्ण नोंदवले. त्यांना मिळालेले स्टेरॉइड प्रेडनिसोलोनच्या हिशेबात सरासरी ७५८ मिलिग्रॅम होते, आणि खुब्याचा त्रास कोविडच्या निदानानंतर सरासरी ५८ दिवसांत सुरू झाला. तुलनेसाठी, रोज ६ मिलिग्रॅम डेक्साचा दहा दिवसांचा पूर्ण कोर्स म्हणजे ४०० मिलिग्रॅम. मिथाइलप्रेड ४० दोनदा, दहा दिवस म्हणजे १,०००.

तुमच्या डिस्चार्ज कार्डावरून बेरीज काढा आणि ती कागदावर घेऊनच हाडांच्या डॉक्टरांकडे जा. गोळा चपटा होण्याआधी निदान झाले तर आठवड्याला ॲलेन्ड्रोनेट (हाडांची झीज रोखणारी गोळी) ७० मिलिग्रॅम, वजन टेकणे कमी करणे, कधी हाडात छिद्र पाडून दाब कमी करणे, यांवर खुबा वाचण्याची शक्यता असते. चपटा झाल्यावर बहुधा सांधाच बदलावा लागतो. तोवर काठी वापरा, ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, आणि दारू पूर्ण बंद.

सोलापूर : संधिवातासाठी आठ वर्षे प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम रोज चालू आहे. कोविड झाला, ऑक्सिजन ९८. तुमच्या नियमाने मीही स्टेरॉइड बंद करू का?

अजिबात नको. शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणाऱ्या तुमच्या अधिवृक्क ग्रंथी आठ वर्षे निजलेल्या आहेत. गोळी अचानक बंद केली तर रक्तदाब आणि शुगर कोसळतील. ताप असेतो डोस निदान दुप्पट करण्याची पद्धत आहे, किती आणि कसा ते संधिवाताच्या डॉक्टरांना विचारा. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटही घेत असाल तर ते सहसा संसर्ग असेपर्यंत थांबवतात. पुढे ऑक्सिजन लागून डेक्सा ६ सुरू झाले तर तेवढे दिवस ५ ची गोळी वेगळी लागणार नाही. पण डेक्सा संपेल त्याच दिवसापासून ती पुन्हा सुरू व्हायला हवी. डिस्चार्जच्या कागदावर ती लिहायची राहून जाते, आणि रुग्ण चार दिवसांनी ग्लानीत परत येतो. कागद हातात घेतल्याबरोबर ती ओळ शोधा.

छत्रपती संभाजीनगर : कोविडच्या न्यूमोनियानंतर फुप्फुसावर डाग राहिले. महिनाभर स्टेरॉइड घ्यावे असे एक डॉक्टर म्हणतात, दुसरे नको म्हणतात.

दम लागत नसेल आणि चालताना ऑक्सिजन टिकत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे बरोबर. डाग तीन ते सहा महिन्यांत आपोआप बरेच विरतात. दम टिकून असेल आणि सहा आठवड्यांनंतरच्या सीटीत सूज दिसत असेल, नुसते व्रण नव्हे, तर छोटा कोर्स देऊन पाहण्यात अर्थ आहे. तोही छोटाच पुरतो : चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयात १३० रुग्णांवर ४० मिलिग्रॅमपासून उतरता डोस आणि सहा आठवडे सरसकट १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन यांची तुलना झाली, दोहोंत म्हणावा असा फरक निघाला नाही. मग चाळीसने सुरुवात कशाला?

अमरावती : सात महिन्यांच्या बाळाला आरएसव्ही या विषाणूमुळे छातीत घरघर. डेक्सा द्यावे का?

नाही. या आजारात, म्हणजे ब्राँकिओलायटिसमध्ये, त्याचा उपयोग होत नाही हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. नाक सलाइनच्या थेंबांनी मोकळे करा, थोडे थोडे पण वारंवार पाजा. बाळ नेहमीच्या निम्मेही पीत नसेल, फासळ्यांखाली खड्डे पडत असतील किंवा श्वास मध्येच थांबत असेल तर ताबडतोब रुग्णालय. कुत्र्याच्या भुंकण्यासारखा खोकला आणि श्वास आत घेताना आवाज असेल तर तो क्रूप, म्हणजे स्वरयंत्राजवळची सूज. त्यात मात्र डेक्साचा एकच डोस गुण देतो. दोन्हींतला फरक फोनवर ठरवता येत नाही.

मडगाव : ऑक्सिजन चांगला आहे, पण कोविडचा खोकला सहा दिवस हटत नाही. बुडेसोनाइडचा पंप चालेल का? तोही स्टेरॉइडच ना?

स्टेरॉइडच, पण बहुतांश छातीतच राहणारे, म्हणून पोटातल्या गोळ्यांचा नियम त्याला तसाच लागू होत नाही. ब्रिटनमधल्या एका चाचणीत ६५ वर्षांवरच्या, किंवा ५० वर्षांवरच्या आणि इतर आजार असलेल्या लोकांना ८०० मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा, १४ दिवस दिल्यावर बरे वाटायला साधारण तीन दिवस कमी लागले. मृत्यू कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. अमेरिकेत फ्लुटिकासोन या दुसऱ्या पंपाने काहीच फरक पडला नाही. आपल्याकडच्या मार्गदर्शिकेत पाच दिवसांनंतरही त्रास टिकला तर ८०० दोनदा, पाच दिवस असे होते. वय जास्त असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. तिशीत असाल तर मध आणि वाफाऱ्यावर काढले तरी चालेल.

घेणार असाल तर नीट घ्या. पंपावर ४०० लिहिले असेल तर एका वेळी दोन दाब, २०० असेल तर चार. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावा, एक दाब, मग संथ खोल श्वास, दहापर्यंत मोजून सोडा, तेव्हा दुसरा. दोन दाब एकदम स्पेसरमध्ये मारले की निम्मे औषध त्याच्या भिंतीला चिकटते. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळवा, फडक्याने पुसू नका. घेतल्यावर चूळ भरून थुंका, नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी धरते.